शाळेच्या आवारात हवामान केंद्र: पहिल्या नोंदीपासून पहिल्या आलेखापर्यंत

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक तरी पर्जन्यमापक असतोच. कापलेली बाटली, चिकटवलेली पट्टी, शेजारी थर्माकोलचा सह्याद्री. प्रदर्शन संपलं की तो प्रयोगशाळेच्या कपाटावर जाऊन बसतो, आणि त्यात पावसाचा एक थेंबही पडलेला नसतो. हा लेख त्या पर्जन्यमापकाला बाहेर काढण्यासाठी आहे.

सातारा जिल्ह्यात शाळेतल्या मुलांबरोबर मी अशा नोंदी ठेवतो. सुरुवातीला जे प्रश्न हमखास पडतात त्यांची उत्तरं कुठे एकत्र सापडत नाहीत, म्हणून क्रमाने लिहितो आहे. सातवीपासून पुढच्या कुणालाही जमेल. उपकरणं साधी असली तरी चालतात. रोज, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजणं मात्र चुकवून चालत नाही. महागडं यंत्र आणि लहरीप्रमाणे घेतलेल्या नोंदी यांच्यापेक्षा बाटली, नरसाळं आणि नियमित वही कितीतरी जास्त सांगून जाते.

काय काय लागेल

- दोन लिटरची प्लास्टिकची बाटली आणि तिच्या तोंडात घट्ट बसणारं नरसाळं
- प्रयोगशाळेतलं मोजपात्र, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी 10 मिलीची बिनसुईची सिरिंज
- कमाल-किमान तापमापक (इंग्रजी 'यू' आकाराचा किंवा डिजिटल)
- एकसारखे दोन साधे तापमापक, मलमलीची चिंधी, छोटी बाटली
- होकायंत्र, हलक्या कापडाची लांब फीत, लाकडी किंवा बांबूची काठी
- आखीव, जाड पुठ्ठ्याची वही आणि बॉलपेन. शाईचं पेन नको, पावसात अक्षर पसरतं.
- मुख्याध्यापकांची परवानगी. जागा ठरली की लगेच घ्या, नाहीतर स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा खांब नेमका तुमच्या पर्जन्यमापकाच्या जागी येतो.

1. आधी जागा, मग उपकरण

पर्जन्यमापकाच्या आजूबाजूला जे काही उंच असेल, मग ते झाड असो, भिंत असो की पाण्याची टाकी, त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर उभं राहा. इमारत 6 मीटर उंच असेल तर 12 मीटर लांब. वारा असताना पाऊस तिरपा येतो आणि भिंत त्याला अडवते.

गच्ची सोयीची वाटते, पण टाळा. तिथे वारा जास्त असतो, थेंब नरसाळ्यावरून उडून जातात आणि पाऊस कमी मोजला जातो. तापमापकासाठी तर गच्ची आणि पत्र्याचं छप्पर दोन्ही बाद. माती किंवा गवत असलेला, मुलांच्या क्रिकेटपासून सुरक्षित असा कोपरा शोधा आणि भोवती साधं कुंपण घाला.

2. पर्जन्यमापक

पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, हे आधी नीट समजून घ्या. पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, त्याची वाफ झाली नाही, तर जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर साचेल तेवढा पाऊस. 1 मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर बरोबर 1 लिटर पाणी. म्हणूनच सरळ भिंतीचं भांडं लहान असो की मोठं, त्यात साचणाऱ्या पाण्याची उंची सारखीच येते. घरची बादली मात्र वर रुंद आणि खाली निमुळती असते. तिच्यात पट्टी बुडवून मोजलेला पाऊस खोटा असतो.

कापलेल्या बाटलीवर पट्टी चिकटवण्याची पद्धतही मला पटत नाही. बाटलीचा तळ वेडावाकडा असतो आणि 2-3 मिमी पाऊस त्या खाचाखोचांतच हरवतो. त्यापेक्षा नरसाळं लावा, पाणी बाटलीत साठवा आणि मिलीमध्ये मोजून भागाकार करा.

गणित सोपं आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. समजा तो 10 सेमी आहे. त्रिज्या 5 सेमी, क्षेत्रफळ 3.14 × 5 × 5 = 78.5 चौसेमी. एवढ्या क्षेत्रावर 1 मिमी पाऊस पडला तर 7.85 मिली पाणी जमतं. म्हणजे सकाळी बाटलीत 47 मिली पाणी निघालं, तर 47 ÷ 7.85 = 6.0 मिमी. तुमचं नरसाळं वेगळ्या मापाचं असेल तर हा 7.85 बदलेल. तो आकडा एकदा काढून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बाजारातली नरसाळी उथळ असतात. जोरदार सरीत थेंब आदळून बाहेर उडतात. त्यावर उपाय म्हणजे प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणून नरसाळ्याच्या वर उभा चिकटवा. आता पाऊस पकडणारं तोंड पाइपचं आहे, म्हणून आतला व्यास पाइपचा मोजायचा. इथे बरीच मुलं नरसाळ्याचाच जुना आकडा वापरत राहतात.

बाटली जमिनीत थोडी पुरा, म्हणजे तोंडाची कड जमिनीपासून साधारण 30 सेमीवर येईल. भारतीय हवामान विभागाच्या पर्जन्यमापकाची कडही याच उंचीवर असते. त्याहून खाली ठेवली तर जमिनीवरचे शिंतोडे आत जातात. कड आडवी आहे ना, हे गवंड्याच्या लेव्हलने तपासा.

वरच्या हिशेबाने दोन लिटरच्या बाटलीत सुमारे 250 मिमी पाऊस मावतो. देशावर हे पुरून उरतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर जुलैमध्ये संध्याकाळी एक जादा मोजणी घ्या, पाणी मोजून ओतून टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या आकड्यात ती मिळवा.

3. तापमापक सावलीत, पण कोणत्या सावलीत?

बातम्यांत सांगतात ते तापमान हवेचं असतं, उन्हाचं नाही. तापमापक उन्हात ठेवला तर तो स्वतः किती तापला एवढंच कळतं. "आमच्याकडे 52 अंश होतं" असे उन्हाळ्यातले फोटो बहुतेक असेच आलेले असतात. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडाही त्याच जातीचा.

हवामान केंद्रांत यासाठी पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने ती तयार केली. झडपांतून वारा खेळतो, ऊन आत येत नाही. आपल्याकडे तिचं दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे उघडल्यावर सूर्य थेट आत डोकावत नाही. आतले तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतात.

गावातला सुतार अशी पेटी करून देईल. तेवढा खर्च झेपत नसेल तर पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा-सात खोलगट ताटल्या पालथ्या घालून, मध्ये बोटभर फट ठेवून, एकावर एक बसवा. सगळ्यांत वरची ताटली सोडून बाकीच्यांना मध्यभागी भोक पाडा आणि तापमापक आत टांगा. चुन्याचा हात दिलेला लाकडी खोकाही चालेल, पण त्याला चारी बाजूंनी भोकं हवीत. बंद खोका म्हणजे भट्टी.

वापरण्याआधी तापमापकाची परीक्षा घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका पेल्यात घेऊन ढवळा, तापमापक बुडवा, पाच मिनिटं थांबा. शून्य दाखवायला हवं. तो 1 अंश दाखवत असेल तर फेकू नका. तेवढी चूक प्रत्येक नोंदीतून वजा करा. जुना पाऱ्याचा तापमापक फुटला तर पारा हाताने गोळा करू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि शिक्षकांना सांगा.

मोबाइलवर दिसणारं तापमान तुमच्या मोबाइलने मोजलेलं नसतं. ते कुठल्या तरी केंद्रावरून किंवा संगणकीय प्रारूपातून आलेलं असतं. वहीत ते उतरवू नका.

4. आर्द्रता

एकसारखे दोन तापमापक शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळा आणि तिचं टोक खालच्या बाटलीतल्या पाण्यात सोडा. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने चिंधी आठवड्यात कडक होते. वाचण्याआधी वहीने दोन-तीन मिनिटं वारा घाला.

ओल्या चिंधीतल्या पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून ओला तापमापक कमी दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका फरक मोठा. कोरडा 30 आणि ओला 25 असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे 65 टक्के. मे महिन्यातल्या दुपारी कोरडा 38 आणि ओला 22 आला, तर ती 25 टक्क्यांच्या आसपास. पूर्ण तक्ता भूगोल प्रात्यक्षिकाच्या पुस्तकांत असतो. त्याची झेरॉक्स वहीला चिकटवून टाका.

कूलर विदर्भात घर गार करतो आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो, याचं कारण याच दोन आकड्यांत आहे.

5. वारा आणि ढग

वाऱ्याचं नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून ठेवतात. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि ईशान्येकडे जातात. फीत मात्र वारा जिकडे जातो तिकडे फडफडते. म्हणजे फीत ईशान्येकडे असेल तर वहीत 'नैर्ऋत्य' लिहायचं. परीक्षेतही गुण जातात ते इथेच. फितीसाठी लोखंडी पाइप मैदानात रोवू नका, विजांच्या वेळी ते धोक्याचं असतं.

वेगासाठी यंत्र नसलं तरी बोफर्टची मोजपट्टी आहे. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टने 1805 च्या सुमारास ती जहाजांसाठी मांडली, नंतर तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. धूर सरळ वर जातो: 0. पानं सळसळतात, चेहऱ्याला वारा जाणवतो: 2. धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात: 4, म्हणजे ताशी 20 ते 28 किमी. छत्री सांभाळणं अवघड: 6, म्हणजे ताशी 39 ते 49 किमी. जूनमध्ये शाळेत येताना छत्री उलटी झाली की निदान 6 लिहायला हरकत नाही.

ढगांसाठी आकाशाचे मनाने आठ भाग करा आणि किती भाग झाकले आहेत ते लिहा. 0 म्हणजे निरभ्र, 8 म्हणजे पूर्ण झाकोळ. प्रकार ओळखायला सुरुवातीला चारच नावं पुरे: पिसासारखे उंच सिरस, कापसाच्या ढिगासारखे क्युम्युलस, राखाडी चादर पसरल्यासारखे स्ट्रेटस, आणि वळवाच्या दुपारी ऐरणीसारखा माथा घेऊन चढत जाणारा क्युम्युलोनिम्बस. विजा, गारा, सोसाट्याचा वारा हे सगळं त्या शेवटच्याचं काम. आकाश पाहताना सूर्याकडे थेट बघू नका, आरशातूनही नाही.

6. हवेचा दाब (नोंदवायचा असेल तर)

काही मोबाइलमध्ये वायुदाबमापक खरोखर बसवलेला असतो, आणि तो चांगला चालतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. समुद्रसपाटीजवळ साधारण दर 8 मीटर उंचीला दाब 1 हेक्टोपास्कलने (हे दाब मोजण्याचं एकक) घटतो. म्हणून तिसऱ्या मजल्यावरची आणि मैदानावरची नोंद जुळणार नाही.

दुसरी गोष्ट पुस्तकात फारशी येत नाही. आपल्या अक्षांशांवर दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. त्यामुळे दुपारी दाब दोन-तीन हेक्टोपास्कल उतरला म्हणजे वादळ आलं असं नाही. कालच्या चारशी आजचे चार ताडून बघा.

7. वही

नोंदीची वेळ सकाळी साडेआठ. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी 8:30 असा असतो, म्हणून तुमचे आकडे त्यांच्याशी जुळवायचे तर हीच वेळ. शाळा अकराला भरत असेल तर जवळ राहणाऱ्या मुलांची पाळी लावा.

आता तारखेचा घोळ. पाऊस ज्या सकाळी मोजला त्या तारखेवर लिहितात, जरी तो आदल्या दिवशी पडलेला असला तरी. मुंबईतला 26 जुलै 2005 चा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. सांताक्रूझची 944 मिमीची ती नोंद 27 तारखेच्या सकाळी 8:30 ला संपलेल्या 24 तासांची आहे. तापमानाचा घोळ थोडा वेगळा: साडेआठला दिसणारं किमान आज पहाटेचं असतं, पण कमाल काल दुपारचं. ते कालच्या ओळीत लिहा. वाचून झालं की कमाल-किमान तापमापकाचे दर्शक मूळ जागी आणायला विसरू नका, नाहीतर उद्याही कालचंच कमाल दिसेल.

आणि सगळ्यांत मोठा सापळा: शून्य आणि रिकामी जागा यांची गल्लत. बाटली पाहिली आणि ती कोरडी होती, तर 0 लिहा. कुणी पाहिलीच नाही, तर 'नोंद नाही' लिहा. रविवारी कुणी गेलं नाही आणि सोमवारी बाटलीत 38 मिली निघालं, तर सोमवारपुढे 'दोन दिवसांचा मिळून' असा शेरा मारा. अंदाजाने दोघांत वाटून टाकू नका. बाटली कुत्र्याने सांडली तरी तेच लिहा. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा. खाडाखोड करून मूळ आकडा पुसू नका.

एक ओळ अशी दिसेल: तारीख, वेळ, पाणी मिली, पाऊस मिमी, कमाल, किमान, कोरडा, ओला, वाऱ्याची दिशा, बोफर्ट, ढग आठांपैकी, शेरा, नोंदणाऱ्याचं नाव. शेऱ्यात 'धुकं', 'गारा', 'पहिला वळीव', 'ऊसतोड सुरू, धूर' असं काहीही येऊ द्या. आकड्यांचा अर्थ पुढे याच रकान्यातून लागतो.

विजांचा आवाज ऐकू येत असेल तर नोंद घ्यायला बाहेर पडायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा आणि उशिराची वेळ वहीत लिहा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. शिक्षकांच्या मोबाइलवर ते असू द्या.

8. अंदाज वाचायला शिका

महिनाभर नोंदी झाल्या की हवामान विभागाचा जिल्ह्याचा अंदाज रोज वहीशेजारी लिहायला लागा. त्यातले शब्द मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या केंद्रांपैकी फार तर 25 टक्के. 'काही ठिकाणी' 50 टक्क्यांपर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' 75 टक्क्यांपर्यंत. त्यावर 'बहुतांश ठिकाणी'. तुरळक ठिकाणी पाऊस सांगितला आणि तुमच्या गावात पडला नाही, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. 2005 च्या त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73-74 मिमी पडला होता, सांताक्रूझपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर.

प्रमाणाचे शब्दही ठरलेले आहेत. 24 तासांत 2.5 मिमी किंवा जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस'. 64.5 मिमीपासून जोरदार, 115.6 पासून अति जोरदार, 204.5 पासून अत्यंत जोरदार. रंगांपैकी पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

आणि पंचांग? त्याची थट्टा करू नका, परीक्षा घ्या. सूर्य 7-8 जूनला मृग नक्षत्रात जातो आणि प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. म्हणजे नक्षत्रं हे ऋतूचं चांगलं कॅलेंडर आहे, शेतकऱ्यांनी पेरणीला ते वापरलं यात नवल नाही. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाहन म्हणून दिलेला असतो, त्या वाहनांचं मात्र तपासून बघा. बेडूक, म्हैस, हत्ती भरपूर पावसाचे. कोल्हा, मेंढा कमी पावसाचे मानतात. प्रत्येक नक्षत्रातल्या पावसाची बेरीज करा आणि वाहनाशी ताडा. अट एकच: 'भरपूर' म्हणजे किती मिमी हे नक्षत्र लागण्याआधी वहीत लिहून सही करायची. हीच अट सरकारी अंदाजालाही लावा.

9. शेजारी जोडा

एका केंद्रापेक्षा दोन केंद्रं शिकवतात जास्त. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, आणि हवाई अंतराने सुमारे 25 किमीवरच्या वाईला हजाराच्या आत. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीवर चढते, ढग तयार होईपर्यंत दर 100 मीटरला जवळपास 1 अंशाने गार होते, बाष्पाचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावर पडतं. पलीकडे उतरताना हवा पुन्हा तापते, ढग विरतात. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा घाटावरच्या एका शाळेशी जुलै महिनाभर आकड्यांची देवाणघेवाण करा.

तुमचा आकडा पडताळायला कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. थोडाफार फरक येणारच. रोज सातत्याने निम्माच येत असेल तर कुठे झाड आडवं येतंय का ते बघा.

10. आलेख, आणि तीस वर्षांचा प्रश्न

पावसाची महिन्याची बेरीज करतात आणि तापमानाची सरासरी. उलट करू नका. पाऊस स्तंभालेखाने, तापमान रेषेने, दोन्ही एकाच कागदावर.

आलेख झाला की कुणीतरी विचारतंच, "यंदा पाऊस कमी, म्हणजे हवामान बदललं ना?" एका वर्षावरून ते ठरत नाही. रोजचं हवामान वेगळं, दीर्घकालीन हवामान वेगळं, आणि दुसऱ्यासाठी किमान 30 वर्षांची सरासरी घेतात. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो (तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याची स्थिती) होता. पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, मोसमी पाऊस देशात सरासरीच्या 108 टक्के झाला. अशा हेलकाव्यांतून कल वेगळा काढायचा तर लांब मालिका लागते. हवाईतल्या मौना लोआ केंद्रावर कार्बन डायऑक्साइड 1958 पासून सलग मोजला जातो. तेव्हा तो दर दहा लाख भागांत सुमारे 315 होता, आता 420 च्या पुढे गेला आहे. हा चढ इतका स्पष्ट दिसतो, कारण मोजणी थांबली नाही.

तुमच्याकडे 30 वर्षं नाहीत, पण तालुक्याच्या गावी तहसील कचेरीत पर्जन्यमापक आणि त्याच्या जुन्या नोंदी असतात. धरण जवळ असेल तर जलसंपदा विभागाकडेही. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन जा, हवी ती वर्षं नेमकी लिहा, आणि नोंदवही घरी नेण्याऐवजी तिथेच बसून उतरवून घेण्याची तयारी दाखवा. काम लवकर होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मालिका तुटते, आणि वळीव नेमके तेव्हाच येतात. एप्रिलमध्येच सुट्टीतल्या पाळ्या लावून टाका. दहावीची मुलं जाण्याआधी आठवीतल्या दोघांना महिनाभर सोबत घेऊन नोंदी घ्यायला लावा, प्रत्येक पानाचा फोटो काढून शाळेच्या संगणकावर ठेवा, आणि नरसाळं बदललं, जागा बदलली तर त्याची तारीख पहिल्या पानावर लिहा.